फुकटची जमीन नाकारणारे शेतकरी : हटराइटांची बॉन होम वसाहत, १८७४

१/
१८७४ सालचा ऑगस्ट महिना. अमेरिकेच्या डकोटा प्रदेशाची राजधानी असलेल्या यँक्टन या गावी रशियातून आलेल्या जर्मनभाषक शेतकऱ्यांची एक तुकडी उतरली. त्या काळी अमेरिकन सरकार प्रत्येक वसाहतकऱ्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देत होते आणि तिच्या ओढीने युरोपातून माणसांचे लोंढे येत होते. या तुकडीने मात्र ती जमीन घेतली नाही. तिने मिसुरी नदीकाठची २,५०० एकर खासगी जमीन २५,००० डॉलरना विकत घेतली, त्यांतले १७,००० डॉलर रोख मोजले आणि उरलेल्या रकमेचा बोजा डोक्यावर घेतला. शेजारी फुकट मिळत असलेल्या जमिनीसाठी एकरी १० डॉलर मोजणारा हा शेतकरी कोण होता?

२/
उत्तराचा पहिला धागा १८६२ च्या होमस्टेड कायद्यात सापडतो. या कायद्याने जमीन मिळे ती व्यक्तीला. तिने आपल्या तुकड्यावर स्वतः घर बांधायचे, पाच वर्षे तेथेच राहायचे, जमीन कसायची. मग मालकीपत्र तिच्या नावे होई. या रचनेत प्रत्येक कुटुंब आपापल्या १६० एकरांच्या चौकोनात एकटे राहणार हे ठरलेलेच होते. अमेरिकेला स्वतंत्र, स्वतःच्या मालकीचा शेतकरी घडवायचा होता. परंतु यँक्टनला उतरलेल्या या माणसांच्या धर्मात 'माझे' हा शब्दच पापाच्या जवळ जाणारा होता. त्यांना एक गाव, एक स्वयंपाकघर आणि एकच तिजोरी हवी होती. फुकटच्या जमिनीची किंमत त्यांना परवडणारी नव्हती.

३/
हे लोक म्हणजे हटराइट. त्यांची मुळे सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या सर्वांत बंडखोर शाखेत आहेत. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा दिला. अजाण बालकाला दिलेला बाप्तिस्मा निरर्थक आहे, श्रद्धा ही समजून-उमजून स्वीकारण्याची गोष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वरवर हा धर्मशास्त्रातला बारीक मुद्दा वाटतो. पण ज्या युरोपात जन्मणारे प्रत्येक मूल आपोआप राजाच्या धर्मसंस्थेचे सभासद होत असे, तेथे हा राजसत्तेच्या पायालाच लावलेला सुरुंग होता. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही सत्तांनी या ॲनाबॅप्टिस्टांना, म्हणजे पुनर्बाप्तिस्मावाद्यांना, बुडवले, जाळले आणि देशोधडीला लावले.

४/
जीव वाचवण्यासाठी अनेकांनी मोराव्हिया गाठला. हा प्रदेश आज चेक प्रजासत्ताकात आहे. तेथील काही सरदार धर्माच्या बाबतीत उदार होते. १५२८ मध्ये निकोल्सबुर्ग गावातील एका गटाचे तलवारीच्या प्रश्नावरून इतरांशी बिनसले. ख्रिस्ताच्या अनुयायाने शस्त्र धरू नये आणि युद्धासाठी कर देऊ नये, असे या गटाचे मत होते. सुमारे २०० प्रौढ माणसे मुलाबाळांसह गाव सोडून ऑस्टरलित्सच्या वाटेला लागली. वाटेत त्यांनी जमिनीवर एक अंगरखा पसरला आणि प्रत्येकाने आपल्यापाशी जे होते ते त्यावर ठेवले. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात वर्णन केलेल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीप्रमाणे आपले सर्व काही सामाईक असावे, हा त्यामागचा विचार होता. हटराइट परंपरेतील सामाईक मालकीचा आरंभ याच अंगरख्यापासून मानला जातो.

५/
पंथाला नाव मिळाले ते याकोब हुटर या टिरोलमधील टोप्या बनवणाऱ्या कारागिरामुळे. १५३३ मध्ये तो मोराव्हियातील गटांचा पुढारी झाला आणि विस्कळीत मंडळीला त्याने शिस्त लावली. त्याला जेमतेम तीन वर्षे मिळाली. २५ फेब्रुवारी १५३६ रोजी इन्सब्रुक येथे त्याला जिवंत जाळण्यात आले. रचना मात्र टिकली. पुढच्या अर्धशतकात मोराव्हियात हटराइटांच्या डझनावारी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांची लोकसंख्या २० ते ३० हजारांपर्यंत गेली असावी, असा अंदाज केला जातो. त्यांची मातीची रंगीत भांडी सरदारांच्या वाड्यांत मिरवू लागली, त्यांचे वैद्य नावाजले गेले, आणि त्यांच्या शाळांत मुलामुलींना लिहिणे-वाचणे शिकवले जाऊ लागले.

६/
तीस वर्षांच्या युद्धाने हे सर्व उधळून लावले. १६२२ मध्ये मोराव्हियातून त्यांची हकालपट्टी झाली. पुढची अडीचशे वर्षे म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. हंगेरी झाली, ट्रान्सिल्व्हेनिया झाला. मारिया थेरेसाच्या राज्यात कॅथलिक होण्याची सक्ती वाढत गेली, तेव्हा १७६७ मध्ये सत्तरच्या आत उरलेली माणसे कार्पेथियन पर्वत ओलांडून वालाकियात पळाली. त्यांत करिंथियातून हद्दपार झालेली आणि नव्याने मंडळीत आलेली कुटुंबे बहुसंख्य होती. हटराइट घरांत आजही बोलली जाणारी बोली मुख्यतः या ऑस्ट्रियन डोंगराळ मुलखाची आहे. वालाकियातही रशिया-तुर्कस्तान युद्धाने त्यांना गाठले. १७७० मध्ये रशियन सेनापती रुम्यान्त्सेव याने आजच्या युक्रेनमधील आपल्या विशेन्का या जहागिरीत त्यांना आश्रय दिला.

७/
छळाने जे मोडले नाही ते सुखाने मोडले. रशियाने त्यांना सैन्यसेवेतून सूट दिली, जमीन दिली, शांतता दिली. आणि १८१९ मध्ये, राडिचेव्ह येथे, सामाईक मालकीची व्यवस्था अंतर्गत वादांनी कोसळली. प्रत्येक कुटुंब आपापले खाऊ लागले. चाळीस वर्षे हटराइट इतर जर्मन वसाहतकऱ्यांसारखेच खासगी शेतकरी होते. १८५९ मध्ये मिखाएल वाल्डनर या लोहाराला दृष्टांत झाला आणि त्याने काही कुटुंबांना घेऊन पुन्हा सामाईक जीवन सुरू केले. पुढच्याच वर्षी डारिउस वाल्टरने दुसरा गट उभा केला. लोहाराची माणसे ती 'श्मीडेलॉइट' आणि डारिउसची माणसे ती 'डारिउसलॉइट'. ही नावे आजतागायत चालू आहेत.

८/
एवढ्यात रशियाचे धोरण पालटले. १८७१ मध्ये परकीय वसाहतकऱ्यांचे विशेष हक्क संपवण्यात आले आणि १८७४ मध्ये सार्वत्रिक सक्तीची सैन्यसेवा लागू झाली. त्याआधीच, १८७३ मध्ये, मेनोनाइट आणि हटराइट अशा १२ प्रतिनिधींचे शिष्टमंडळ उत्तर अमेरिका पाहण्यास निघाले. त्यांत पॉल चेटर आणि लॉरेन्झ चेटर हे दोघे हटराइट होते. पॉल चेटरने या प्रवासाची रोजनिशी लिहून ठेवली. कॅनडाचे सरकार सैन्यसेवेतून सूट द्यायला तयार होते. पण मॅनिटोबाची दलदल आणि डास पाहून चेटरचे मन तेथे रमले नाही. डकोटाची काळी माती त्याला अधिक भावली. प्रश्न एकच उरला: अमेरिका सूट देईल काय?

९/
हा प्रश्न घेऊन प्रतिनिधी थेट राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्यापुढे गेले. जुलै १८७३ मध्ये न्यू जर्सीतील लाँग ब्रँच येथील त्यांच्या उन्हाळी निवासस्थानी भेट झाली. यादवी युद्ध जिंकणारा सेनापती आणि शस्त्राला स्पर्श न करणारे शेतकरी असे समोरासमोर बसले. परराष्ट्रमंत्री हॅमिल्टन फिश यांच्यामार्फत आलेले उत्तर सौजन्याचे होते, पण त्यात वचन नव्हते. अशी सूट देणे राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारात नाही. मात्र पुढील ५० वर्षांत असे युद्ध होण्याचा संभव फारसा दिसत नाही, असा त्याचा आशय होता. कॅनडाकडे लेखी आश्वासन होते आणि अमेरिकेकडे केवळ एक अंदाज. हटराइटांनी अंदाजावर विसंबून जमीन निवडली. हा निर्णय पुढे फार महाग पडणार होता.

१०/
१८७४ च्या उन्हाळ्यात वाल्डनर आणि वाल्टर यांचे गट हॅम्बुर्गहून 'हमोनिया' या जहाजाने निघाले आणि जुलैच्या आरंभी न्यूयॉर्कला पोहोचले. तेथून रेल्वेने नेब्रास्कातील लिंकन. पुढची जागा ठरेपर्यंत तेथे मुक्काम पडला, हगवणीची साथ आली आणि ३० हून अधिक मुले दगावली. अवघ्या काही कुटुंबांच्या या समूहावर हा केवढा घाला होता, याची कल्पना करता येईल. ज्यांच्यासाठी देश सोडला, त्यांतलीच कित्येक परक्या मातीत पुरून मंडळी ऑगस्टमध्ये यँक्टनला पोहोचली. त्याच वर्षी टोळधाडीने प्रेअरीच्या मोठ्या पट्ट्यातील पिके फस्त केली होती.

११/
श्मीडेलॉइट गटाने जी जमीन घेतली ती यँक्टनच्या पश्चिमेस, मिसुरीच्या काठावर होती. नदीतील एका बेटाच्या नावावरून वसाहतीला 'बॉन होम' हे नाव मिळाले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'भला माणूस'. जमीन विकणारा गृहस्थ होता वॉल्टर बर्ले. हा डॉक्टर, वकील आणि राजकारणी. अमेरिकन काँग्रेसमध्ये डकोटा प्रदेशाचा माजी प्रतिनिधी. त्याआधी, १८६१ ते १८६५ या काळात, तो यँक्टन सू लोकांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी होता आणि त्या पदावरील गैरव्यवहारांचे गंभीर आरोप त्याच्यावर झाले होते.

१२/
या तपशिलाकडे डोळेझाक करून बॉन होमचा इतिहास पुरा होत नाही. १८५८ च्या तहाने यँक्टन सू लोकांकडून १ कोटी १० लाखांहून अधिक एकर भूमी अमेरिकेने घेतली होती आणि त्यांना एका राखीव पट्ट्यात कोंडले होते. ज्या उन्हाळ्यात हटराइट यँक्टनला उतरले, त्याच उन्हाळ्यात जनरल कस्टरची सैन्यमोहीम याच डकोटा प्रदेशातील ब्लॅक हिल्समध्ये शिरली आणि सोन्याच्या बातमीने सू लोकांच्या उरलेल्या भूमीवरही धाड पडली. शस्त्राला शिवायचे नाही म्हणून देश सोडणाऱ्यांना मिळालेली भूमी शस्त्राच्या धाकानेच मोकळी झालेली होती. हटराइटांनी ती दाम मोजून घेतली हे खरे. तो दाम मूळ मालकांच्या हाती पडला नाही, हेही तितकेच खरे.

१३/
वसाहत उभी राहिली ती ज्या सामग्रीने राहू शकत होती तिने. डारिउसलॉइट गटाने पहिला हिवाळा सिल्व्हर लेकजवळ गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांच्या घरांत काढला आणि १८७५ मध्ये वुल्फ क्रीक वसाहत स्थापली. प्रेअरीवर लाकूड दुर्मीळ. पण मिसुरीच्या कड्यांत खडूसारखा मऊ, पांढुरका दगड होता. बॉन होममध्ये त्या दगडाची लांबट घरे आणि इतर इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील काही अजून पाहायला मिळतात. १८७७ मध्ये याकोब विप्फ या शिक्षकाच्या अनुयायांनी एल्मस्प्रिंग येथे तिसरी वसाहत वसवली. शिक्षकाची माणसे म्हणून ती 'लेररलॉइट'. आजचे बहुतेक सर्व हटराइट या तीन वसाहतींचे वंशज आहेत.

१४/
या कथेतील कमी सांगितली जाणारी बाजू अशी की, रशियातून आलेल्या सुमारे १,२५० हटराइटांपैकी बहुसंख्यांनी फुकटची जमीन घेतलीच. त्यांनी होमस्टेड कायद्याखाली १६० एकरांचे तुकडे घेतले, स्वतंत्र घरे बांधली आणि कालांतराने ते बहुतांशी मेनोनाइट मंडळ्यांत मिसळून गेले. त्यांना 'प्रेअरीलॉइट' म्हणतात. ग्रँट यांना भेटलेला पॉल चेटरही त्यांच्यातलाच. १८८० मध्ये सामाईक वसाहतींत फक्त ४४३ माणसे होती. एकच बोली, एकच श्रद्धा, एकच प्रवास. तरीही दोन गटांचे भवितव्य पूर्णपणे वेगळे झाले आणि त्याला कारण ठरली जमिनीच्या मालकीची पद्धत. इतिहासात असे जवळजवळ प्रयोगशाळेतील उदाहरण क्वचितच मिळते.

१५/
वसाहतीची यंत्रणा कशी चालते? मंडळीचा प्रमुख धर्मोपदेशक. तिजोरी आणि खरेदी-विक्री पाहणारा तो कारभारी. त्याच्या हाताखाली शेतीप्रमुख, आणि गुरे, कोंबड्या, लोहारकाम अशा प्रत्येक खात्याला एकेक जबाबदार माणूस. घंटा वाजली की सामाईक भोजनगृहात पंगत बसते. पुरुष एका बाजूस, स्त्रिया दुसऱ्या बाजूस, वयाच्या क्रमाने. वेतन कोणालाच नाही. कापड, अन्न, औषध मंडळीकडून. उपासनेत उपदेशक स्वतःचे प्रवचन रचत नाही, सतराव्या शतकात लिहिलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या हाताने नकललेली प्रवचने वाचतो. यंत्रांशी मात्र वैर नाही. अमिश शेतकरी घोड्याच्या नांगराला चिकटून राहिला, तर हटराइट वसाहतींनी बाजारातील सर्वांत मोठे ट्रॅक्टर घेतले.

१६/
आरंभीच्या अडचणीच्या काळात त्यांना मदत मिळाली ती पेनसिल्व्हेनियातील हार्मनी सोसायटी या दुसऱ्या जर्मन सामाईक पंथाकडून. दोन पंथांची तुलना बोधप्रद आहे. हार्मनीवाल्यांकडे कारखाने होते, तेल होते, गाठीशी अमाप पैसा होता. पण त्यांनी १८०७ पासून ब्रह्मचर्य स्वीकारले होते आणि त्यांचे सभासद म्हातारे होऊन एकेक करून मरत होते. १८८४ मध्ये काही हटराइट कुटुंबे त्यांच्या टिडिऊट येथील जमिनीवर राहायला गेली, पण तेथे न रुजता १८८६ मध्ये डकोटाला परतली. एका पंथाकडे पैसा होता आणि वारस नव्हते. दुसऱ्याकडे कर्ज होते आणि मुलांनी भरलेल्या शाळा. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्मनी सोसायटी विसर्जित झाली.

१७/
१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. फिश यांच्या पत्रातील ५० वर्षांचा अंदाज ४४ व्या वर्षी कोसळला. तोवर हटराइटांच्या १९ वसाहती झाल्या होत्या, त्यांपैकी १७ साउथ डकोटात. ते जर्मन बोलत, सैन्यात जात नसत, युद्धरोखे घेत नसत. संशयाला आणखी काय हवे होते? मे १९१८ मध्ये जेम्सव्हिल वसाहतीत बाहेरचे 'देशभक्त' घुसले आणि सुमारे शंभर बैल व हजार मेंढ्या हाकून घेऊन गेले. जनावरे विकून त्या पैशाचे युद्धरोखे घेण्याचा त्यांचा बेत होता. वसाहतीच्या माणसांनी प्रतिकार केला नाही. त्यांच्या श्रद्धेत प्रतिकाराला जागाच नव्हती.

१८/
सर्वांत जबर किंमत चौघांनी मोजली. रॉकपोर्ट वसाहतीतील जोसेफ, मायकेल आणि डेव्हिड हे तीन होफर बंधू आणि त्यांचा नातलग जेकब विप्फ. वॉशिंग्टन राज्यातील कँप लुइस येथे त्यांनी गणवेश चढवण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयाने २० वर्षांची सक्तमजुरी सुनावली आणि त्यांची रवानगी अल्काट्राझच्या तुरुंगात झाली. तळघरातील ओल्या कोठडीत, केवळ अंतर्वस्त्रांवर, हात वरच्या गजांना साखळीने बांधून त्यांना ताटकळत ठेवले गेले. शेजारी गणवेश ठेवलेला असे: चढवा, आणि सुटा. चौघांपैकी एकानेही तो चढवला नाही.

१९/
११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध संपले. त्यानंतर काही दिवसांनी चौघांना कॅन्ससमधील फोर्ट लेव्हनवर्थ येथे हलवण्यात आले आणि थंडीच्या रात्री उघड्यावर उभे करण्यात आले. जोसेफ आणि मायकेल न्यूमोनियाने आजारी पडले. २९ नोव्हेंबरला जोसेफ वारला. त्याची पत्नी मारिया हिने पतीचे अखेरचे दर्शन घेण्याचा आग्रह धरला आणि शवपेटीचे झाकण उघडले गेले, तेव्हा त्याच्या अंगावर लष्करी गणवेश होता. जिवंतपणी जो त्याने अंगाला लावू दिला नाही, तो मेल्यावर चढवण्यात आला होता. २ डिसेंबरला मायकेलही गेला. हटराइट परंपरेत या दोघांची गणना हुतात्म्यांत होते.

२०/
याच सुमारास साउथ डकोटा राज्याने हटराइटांची कायदेशीर संस्था बरखास्त करण्यासाठी खटला भरला. ही धर्मसंस्था नसून धर्माच्या आवरणाखाली चालणारा धंदा आहे, असा राज्याचा युक्तिवाद होता आणि निकाल वसाहतींच्या विरोधात गेला. दरम्यान १९१८ पासूनच वसाहती उठू लागल्या. १८७३ मध्ये चेटरने नापसंत केलेला मॅनिटोबा आणि त्यापलीकडचा अल्बर्टा, हे त्यांचे नवे घर झाले. कॅनडाने १८९९ मध्येच त्यांना सैन्यसेवेतून सूट दिलेली होती. पुढील काही वर्षांत साउथ डकोटातील एकामागून एक वसाहत ओस पडली. टिकून राहिली ती एकटी बॉन होम.

२१/
कॅनडाने तरी त्यांना पायघड्या घातल्या काय? नाही. १९१९ मध्ये हटराइट, मेनोनाइट आणि दुखोबोर यांच्या प्रवेशावर बंदी आली. हटराइट आणि मेनोनाइट यांच्यावरील बंदी १९२२ मध्ये उठली. १९४२ मध्ये अल्बर्टाने त्यांना जमीन विकण्यास मनाई केली. १९४७ च्या कायद्याने नव्या वसाहतीसाठी ६,४०० एकरांची कमाल मर्यादा आणि जुन्या वसाहतीपासून किमान ४० मैलांचे अंतर घालून दिले. हा कायदा १९७३ मध्ये रद्द झाला. शेजाऱ्यांची तक्रार सगळीकडे एकच होती: हे एकगठ्ठा जमीन घेतात, घाऊक खरेदी करतात, गावातील दुकाने ओस पडतात. या तक्रारीत मत्सर होता, तसा तथ्याचा अंशही होता. भांडवल वाटून न घेणाऱ्या शंभर माणसांशी एकटा शेतकरी कशी स्पर्धा करणार?

२२/
सामाईक मालकीची दुसरीही बाजू आहे. मॅनिटोबातील इंटरलेक वसाहतीतील काही सभासदांनी दुसरा पंथ स्वीकारला म्हणून त्यांना मंडळीतून काढण्यात आले. त्यांनी मालमत्तेत वाटा मागितला. १९७० मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला: जे मंडळीचे आहे ते मंडळीचेच, बाहेर पडणाऱ्याचे त्यात काही नाही. म्हणजे आयुष्यभर राबलेला माणूस विचार बदलला की रिकाम्या हाताने बाहेर पडतो. मतदानाचा हक्क बाप्तिस्मा झालेल्या पुरुषांपुरताच राहिला. बायकांच्या श्रमावर चालणाऱ्या स्वयंपाकघराचे अंतिम निर्णयही पुरुषांच्या सभेतच होत आले. बाराशे माणसांतून चारशे का उरली, आणि त्या चारशेंनी पुढे काय टिकवले, हे समजून घेताना या किमतीचाही हिशेब मांडायला हवा.

२३/
तरीही ते वाढले. १८८० मधील ४४३ माणसांची संख्या १९५० मध्ये ८,५४२ झाली. प्रत्येक स्त्रीला सरासरी दहाच्या आसपास मुले, अपत्यमृत्यू कमी, आणि बाहेर पडणारे थोडे. मानवी समाजातील नैसर्गिक वाढीचा जवळजवळ कमाल वेग म्हणून लोकसंख्याशास्त्रज्ञ आजही हटराइटांचे उदाहरण देतात. पुढे त्यांचा जन्मदर बराच उतरला. आज मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा, साउथ डकोटा, मोंटाना आणि आसपासच्या प्रदेशांत त्यांच्या ५०० हून अधिक वसाहती आहेत. परंतु कोणत्याही वसाहतीत माणसे दीडशेच्या फार पुढे जाऊ दिली जात नाहीत. संख्या वाढली की सर्वांना जबाबदारीचे काम उरत नाही, आणि रिकाम्या हातांतून कुरबुरी जन्म घेतात, हा त्यांचा अनुभव आहे.

२४/
म्हणून वसाहत स्वतःला दुभंगते. मूळ वसाहत काही वर्षे पैसा साठवते, दूर कोठेतरी जमीन घेते, तेथे घरे आणि गोठे बांधते. मग कुटुंबांच्या दोन याद्या होतात, प्रत्येकीवर एकेक उपदेशक. वये, कौशल्ये, मुलांची संख्या दोन्हीकडे शक्य तितकी समान. लेररलॉइट गटाच्या रिवाजात कोणती यादी जाणार हे अखेरपर्यंत कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे सर्वच कुटुंबे सामान बांधतात. प्रार्थना होते, चिठ्ठी काढली जाते. भिंतीला भिंत लावून आयुष्य काढलेले शेजारी, सख्खे भाऊ, आई आणि लग्न झालेली मुलगी त्या एका चिठ्ठीने दोन गावांची होतात. निवड झालेल्या कुटुंबांच्या गाड्या निघतात. उरलेली कुटुंबे घरी परततात आणि बांधलेली गाठोडी पुन्हा सोडू लागतात.